ॲल्युमिनियमला टिकाऊ मुलामा कोणता?

मंडळी, ‘ॲल्युमिनियमला गंज चढत नाही’ असं आपण सगळेच म्हणतो. मग बाजारात खिडक्या घ्यायला गेलं, की प्रश्न पडतो. एकाच मापाची खिडकी, पण भाव चार. एक साधी, एक ॲनोडाइज्ड, एक पावडर कोटिंगची, एक नुसती स्प्रेनं रंगवलेली. दुकानदार रंगाचं कार्ड पुढं करतो आणि विचारतो, ‘कुठला कलर देऊ?’ आपणही कार्डावर बोट ठेवून मोकळे होतो. गंज चढतच नसेल, तर हा सगळा मुलामा कशासाठी आणि चढत असेल, तर त्यातला टिकणारा कोणता, हे विचारायचं राहूनच जातं.

मला ते विचारावं लागलं, त्याचं कारण आमच्या श्रीपुरातली वाचनालयाची खोली. खिडक्या बारा, पैसा लोकवर्गणीचा. त्यात कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचे शंभर-शंभर रुपये होते, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी पदराच्या गाठीतून काढून दिलेले वीस-वीस रुपयेही होते. कमिटीनं दरपत्रकं माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘तुम्ही बीए झालाय, तुम्हीच वाचा.’ आता बीए मी मराठी साहित्यात झालो आणि हयात गेली कविता करण्यात. धातूचं आणि माझं नातं जर्मनच्या पातेल्यापलीकडं कधी गेलं नव्हतं. पण वर्गणीचा पैसा म्हटला, की माणसाला शिकावं लागतं. जे शिकलो ते तुमच्याही उपयोगी पडावं, म्हणून आज सांगतो.

सुरुवात त्या जर्मनच्या पातेल्यापासूनच करू. चिंच-राखेनं घासलं, की ते लखलखतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मंद होतं. ही मंदपणाची साय म्हणजेच ॲल्युमिनियमचा गंज. हो, गंजच! लोखंडाचा गंज फुगतो, खपल्या होऊन गळतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. ॲल्युमिनियमचा गंज मात्र धातूला घट्ट चिकटून बसतो आणि पुढच्या हवेला आत येऊ देत नाही. धातू कापला, घासला, की क्षणात नवी साय धरते. तिची जाडी किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले तीन-चार.

एवढीशी साय, पण मोठी इमानी. अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर १८८४ साली ॲल्युमिनियमची एक टोपी बसवली. त्या काळी ही धातू जवळजवळ चांदीच्या भावाची होती. विजेच्या जोरावर ती स्वस्तात काढायची रीत अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी १८८६ साली शोधली. लंडनच्या पिकॅडिली चौकातला पंखवाला धनुर्धर १८९३ सालचा, तोही ॲल्युमिनियमचाच. पाऊस, धूर, धुकं खात तो अजून उभा आहे. आपल्याकडेही हा धातू परका नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइटचा दगड आहे आणि बेळगावला त्यापासून ॲल्युमिना काढण्याचा मोठा कारखाना आहे.

मग मुलामा हवा कशाला? कारण या सायीचे काही वैरी आहेत. पहिला वैरी मीठ. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात साध्या ॲल्युमिनियमला बारीक बारीक खड्डे पडतात, पांढरी भुकटी सुटते. दुसरा वैरी चुना आणि ओलं सिमेंट. ही साय तीव्र आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कातही. गिलाव्याचा शिंतोडा खिडकीवर वाळला, की खाली डाग पडतो, तो पुढं जात नाही. तिसरा वैरी म्हणजे फरशी बसवून झाल्यावर ती धुवायला आणतात ते ॲसिड. चौथा, दुसऱ्या धातूची ओली संगत. तांबं किंवा साधा लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमला लागून असला आणि मध्ये पाणी साचलं, तर झीज ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते.

श्रीपूरला समुद्र नाही. पण उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वरचं ऊन आहे, काळ्या मातीची धूळ आहे आणि गळीत हंगामात धुराड्यातून उडणारी चिपाडाची काजळी आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तेव्हापासून श्रीपूरचं नाव साखरेशी जोडलं गेलं आणि काजळी आमच्या पाचवीला पुजली. धुळीचा आणि काजळीचा थर खाचेत साचतो आणि ओल धरून ठेवतो. म्हणजे मालवणच्या माणसानं मिठाचा विचार करून मुलामा निवडायचा आणि आम्ही उन्हाचा, धुळीचा नि काजळीचा. वस्तू कुठं राहणार आहे हे आधी ठरवावं, रंगाचं कार्ड त्यानंतर उघडावं.

आता मुलाम्यांकडे वळू. त्यात मुख्य दोन, आणि दोघांची जातच वेगळी.

पहिला ॲनोडायझिंग. यात वरून काहीच लावत नाहीत. धातूची स्वतःची साय जाड करतात. ॲल्युमिनियमचा भाग सौम्य गंधकाम्लाच्या टाकीत टांगतात आणि विजेच्या धन टोकाला जोडतात. शाळेत ज्याला आपण धनाग्र म्हणायचो तेच, इंग्रजीत ॲनोड. त्यावरून हे नाव पडलं. वीज सुरू झाली, की पाण्यातला ऑक्सिजन धातूशी जोडला जातो आणि साय वाढू लागते, काही आतल्या अंगाला, काही बाहेरच्या. ऊसतोड करणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो ना, तसंच हे. घट्टा बाहेरून चिकटवलेला नसतो, तो कातडीचाच असतो, म्हणून त्याचा पोपडा निघत नाही. ॲनोडायझिंगचाही निघत नाही.

ही रीत निघाली तीही गरजेतून. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खारं पाणी खाऊन टाकत असे, म्हणून इंग्लंडमध्ये १९२३ साली बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लाच्या टाकीतली पद्धत काढली. गंधकाम्लाची पद्धत १९२७ सालची. आज खिडक्यांसाठी तीच सर्रास वापरतात.

या जाड सायीला अतिशय बारीक छिद्रं असतात, मधाच्या पोळ्यासारखी. रंग हवा असेल तर तो या छिद्रांत मुरवतात, जशी मेंदी कातडीत मुरते तसा. मग उकळत्या पाण्यात किंवा निकेलच्या क्षारांच्या द्रावणात बुडवून छिद्रांची तोंडं बंद करतात. याला सीलिंग म्हणतात. सीलिंग नीट झालं नाही, तर सगळं मुसळ केरात. उघडी छिद्रं डाग पितात, मळ पितात.

रंगाच्या बाबतीत एक खाच आहे. सोनेरी, लाल, निळे असे अनेक रंग सेंद्रिय रंगद्रव्याचे असतात आणि त्यातले पुष्कळसे उन्हानं फिके पडतात. तपकिरी, ब्राँझ, काळा हे रंग धातूच्या क्षारांपासून, विजेच्या साहाय्यानं छिद्रांच्या तळाशी बसवता येतात. ते उन्हाला दाद देत नाहीत. तेव्हा सोलापूर जिल्ह्यात बाहेरच्या बाजूला ॲनोडायझिंग करायचं, तर एक तर नैसर्गिक चंदेरी ठेवावं, नाही तर हा विजेनं बसवलेला रंग मागावा.

जाडी मोजायचं माप मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरा. ॲनोडायझिंगची साय दहा ते पंचवीस मायक्रॉनची असते. पंधरा मायक्रॉन ऐकायला थोडे वाटतात, पण नैसर्गिक सायीच्या मानानं ते सुमारे पाच हजार पट झाले. भारतीय मानक आयएस १८६८ मध्ये याचे दर्जे ठरवून दिले आहेत. एसी १५ म्हणजे सरासरी पंधरा मायक्रॉन. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातं आपल्या दरसूचीत ॲनोडाइज्ड दारं-खिडक्यांसाठी किमान एसी १५ मागतं. समुद्रकाठी वीस-पंचवीसच मागावेत. स्वयंपाकघरातला काळसर ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ कुकर किंवा कढई याच घराण्यातली. तिथं टाकी बर्फासारखी थंड ठेवून आणखी जाड आणि टणक साय वाढवतात.

दुसरा मुलामा पावडर कोटिंगचा. हा मात्र बाहेरून लावलेला. कोरड्या रंगाची पिठासारखी भुकटी बंदुकीतून उडवतात, तिला विद्युतभार देतात आणि भाग जमिनीशी जोडलेला असल्यानं भुकटी त्यावर ओढली जाते. मग तो भाग भट्टीत १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटं भाजतात. भुकटी वितळते, एकजीव होते आणि साठ-ऐंशी मायक्रॉनचा सलग थर तयार होतो. यात पातळ करणारं रसायन नसतं, त्यामुळं वास नाही आणि खाली पडलेली भुकटी पुन्हा वापरता येते. रंग हवे तेवढे मिळतात. भुकटी कुठली हे मात्र विचारावं. इपॉक्सीची भुकटी घरात उत्तम, पण उन्हात ती खडूसारखी पांढरी पडते. बाहेरच्या कामाला पॉलिएस्टरचीच हवी.

तिच्यातही प्रती आहेत. क्वालिकोट नावाची स्वित्झर्लंडस्थित संस्था या भुकट्यांना वर्ग देते. रंगवलेल्या पट्ट्या अमेरिकेत फ्लोरिडाच्या दमट उन्हात ठेवतात. पहिल्या वर्गाला एक वर्ष, दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला दहा वर्षं, आणि तेवढ्या काळानंतर चमक नि रंग ठरलेल्या मर्यादेत राहावे लागतात. मोठ्या शहरांतल्या उंच काचेच्या इमारतींना फ्लुओरोपॉलिमरचा आणखी भारी रंग देतात. तो आपल्या खिशाचा विषय नव्हे.

पावडर कोटिंग कसं होतं ते पाहायला मी पुण्याला भोसरीत गेलो. भाचा तिथं एका कारखान्यात काम करतो. मला वाटलं होतं, रंगाची बंदूक आणि भट्टी पाहायला मिळेल. पण त्यानं आधी नेलं ते टाक्यांच्या रांगेकडं. तेल काढायची टाकी, मग पाणी, मग धातूचा वरचा मळका पापुद्रा खाणारी टाकी, पुन्हा पाणी, मग रंग धरून ठेवणारा पातळ रासायनिक थर द्यायची टाकी, पुन्हा पाणी. भाचा म्हणाला, ‘मामू, रंग शेवटी लागतो. खरं काम इथंच. यातली एक टाकी चुकवली, तर इथून जाताना माल तसाच दिसतो. कळतं ते दोन पावसाळ्यांनी.’

मला आमच्या लहानपणीचा कल्हईवाला आठवला. भाता पेटवून तो आधी भांडं तापवायचा, नवसागर टाकून कापसानं खसाखसा पुसायचा आणि मग कथलाची कांडी टेकवायचा. चांदीसारखी लकाकी येताना पाहायला आम्ही पोरं जमायचो. पण कल्हई धरायची ती नवसागरानं केलेल्या सफाईमुळं. मळक्या भांड्यावर कथील धरतच नाही.

पावडर कोटिंगचंही तेच. खाली सफाई नसेल, तर कापलेल्या कडेकडून ओल शिरते आणि रंगाखाली बारीक अळी फिरावी तशा नागमोडी रेघा उमटतात. मग रंगाचा पोपडा सुटतो. लोक म्हणतात, ‘रंग खराब निघाला.’ रंग खराब नसतो, खालची टाकी चुकवलेली असते.

आता दोघांची तुलना करू. ॲनोडायझिंग टणक असतं, घासलं जाणाऱ्या जागी टिकतं, पोपडा निघत नाही, नैसर्गिक रंग उन्हात बदलत नाही. पण चुना-सिमेंट आणि ॲसिड त्याला चालत नाही, आणि खोल ओरखडा पडला तर जागेवर दुरुस्ती नाही. पावडर कोटिंग रंगीत, सिमेंटचा शिंतोडा त्यापेक्षा बरा सोसणारं, ओरखडा रंगानं झाकता येणारं. पण घासण्यानं ते झिजतं आणि त्याची सारी भिस्त खालच्या सफाईवर असते.

फॅब्रिकेशनच्या कामात, म्हणजे कापून, वाकवून, वेल्डिंग करून वस्तू घडवायच्या असतील, तर आणखी चार गोष्टी पाहाव्यात. वाकवणं आणि वेल्डिंग आधी, मुलामा नंतर. ॲनोडाइज्ड पट्टी वाकवली, तर साय तडकते. वेल्डिंगच्या जागी ॲनोडायझिंगचा रंग वेगळा उमटू शकतो, तारेत सिलिकॉन जास्त असेल तर तिथं काळसर पट्टाच दिसतो. ओतीव कड्या-मुठींचंही तसंच. त्या खिडकीच्या सेक्शनशी रंगानं जुळत नाहीत. म्हणून जोड दिसणाऱ्या वस्तूला पावडर कोटिंग बरं. पावडरचा थर जाड असल्यानं आट्यांची भोकं मात्र आधी झाकून घ्यावी लागतात, नाही तर स्क्रू बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांसाठी. हे दोन्ही मुलामे विजेला अडवतात. शेतात सौरपंपाच्या पॅनेलला जी चंदेरी चौकट असते, ती ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचीच. अर्थिंगची तार तिच्यावर नुसती टेकवून बांधली, तर अर्थिंग झालं असं होत नाही. साय भेदणारी दातेरी चकती त्यासाठी वापरतात. बसवणाऱ्याला ती दाखवायला सांगावं. इथं प्रश्न रंगाचा नाही, जिवाचा आहे.

आम्ही वाचनालयासाठी काय ठरवलं? खिडक्या सरकत्या आहेत, मुलं त्या दिवसातून दहादा सरकवणार, दप्तरं घासणार, ऊन थेट येणार. म्हणून त्यांना नैसर्गिक चंदेरी ॲनोडायझिंग, एसी १५. दारावरची नावाची पाटी पत्रा कापून, वेल्डिंग करून घडवलेली आणि रंगीत हवी. तिला पॉलिएस्टरचं पावडर कोटिंग, किमान साठ मायक्रॉन. बांधकाम खात्याची दरसूची पन्नास मागते, आम्ही थोडे जास्त मागितले. हे सगळं ऑर्डरच्या कागदावर लिहिलं. सोबत लिहिलं, की माल आला की मीटरनं जाडी मोजली जाईल. असं लहानसं मीटर असतं, ते पृष्ठभागावर टेकवलं की मायक्रॉनचा आकडा दाखवतं.

कागद हाती पडल्यावर तीन दरपत्रकवाल्यांपैकी एकानं दर वाढवून दिला, एकानं पुन्हा फोन उचलला नाही आणि तिसरा म्हणाला, ‘मीटर माझ्याकडंच आहे, या तुम्ही.’ काम त्याला दिलं. खिडक्या गिलावा झाल्यावरच बसवायच्या, वरची चिकट फिल्म रंगकाम संपेपर्यंत काढायची नाही, फरशीच्या ॲसिडचा हात तिकडं जाऊ द्यायचा नाही आणि हंगाम संपला की साध्या साबणाच्या पाण्यानं, मऊ फडक्यानं खिडक्या पुसून घ्यायच्या, हे वाचनालयाच्या वहीत लिहून ठेवलं आहे. तारेच्या घासणीला मनाई.

जाता जाता एक सांगतो. भोसरीत त्या रांगेत एक पिवळ्या पाण्याची टाकी होती. ती क्रोमेटची. तिच्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगाला कारण होतं, हे आता जगमान्य आहे. त्याला पर्याय आहे. झिर्कोनियम, टायटॅनियमच्या संयुगांचा क्रोमविरहित थर देता येतो, आणि अनेक ठिकाणी तो दिलाही जातो. टाकीपाशी उभ्या असलेल्या पोरांच्या हातात लांब मोजे होते, तोंडावर मात्र साधा रुमाल. भाच्याला विचारलं, तर तो हसला नि म्हणाला, ‘सवय झाली, मामू.’ घरी परतेपर्यंत ते हसू काही डोळ्यांपुढून गेलं नाही.

आपण खिडकीच्या दरात घासाघीस करतो, तेव्हा कमी केलेला रुपया कुठून कापला जातो? भुकटी बाजारभावानं येते, वीज बिलानं येते. उरतं ते धुण्याचं पाणी, टाक्यांची संख्या आणि टाकीपाशी उभ्या असलेल्या पोराचे मोजे नि मास्क. रुपया तिथूनच जातो. रंग आधी पोरांच्या अंगावर उठतो, मग आपल्या खिडकीवरून उतरतो. म्हणून भाव जरूर करा, पण आधी विचारा, की जाडी किती, भुकटी कुठली, खाली सफाई कशी केली, आणि ती पिवळ्या पाण्याच्या टाकीत केली की तिच्याविना. उत्तरं कागदावर घ्या. दोन पैसे जास्त पडले, तर ते कशाचे पडले हे तरी आपल्याला ठाऊक असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)